रकाना क्रमांक चार

निविदेच्या अर्जात रकाना क्रमांक चार :
झाडाची जात.
एवढासा चौकोन, एकच नाव मावतं त्यात.
म्हणूनच असेल कदाचित,
वर्धा रोडच्या दुभाजकावर
तीन हजार दोनशे वेळा एकच झाड उभं आहे,
गणवेशात,
कुणी 'विश्राम' म्हणायचं विसरून गेल्यासारखं.
त्यावर मी घरटं पाहिलेलं नाही.
गायही पान तोंडात घेते, सोडून देते.

मी उद्यान विभागात कनिष्ठ सहायक.
सतरा वर्षं चौकोन भरतेय.

त्या साली मी अक्षर बारीक केलं,
मुंगीच्या पायाएवढं.
लिहिलं : कुसुम, बेहडा, चार, धावडा, मोई,
सिवन, नाल्याकाठी कहू,
बिबा. मग बिबा खोडला,
अंगावर उततो, शाळा जवळ आहे.
मोहा.
नावं समासात गेली, तिथून मागच्या पानावर उतरली.

लांजेवार साहेबांनी चष्मा कपाळावर नेला.
"काय जी, वनखात्याची परीक्षा देऊन राहिले का?"
मग हळू आवाजात, कारण माणूस वाईट नाही,
मे महिन्यात टँकरसोबत स्वतः फिरतो :
"मॅडम, ही सगळी फेब्रुवारीत उघडी पडतात.
पाहुणे येतात मार्चमध्ये.
पाहुण्यांना हिरवं लागतं."

खोटं नव्हतं ते.
सत्तेचाळीस अंश येण्याआधीच
अंगावरची पानं टाकून मोकळं होणं
ही इथल्या झाडांची अक्कल.
फोटोत ती गरिबीसारखी दिसते.

जूनमध्ये देवलापारहून सुकलाल सयाम आला.
पिशवीत मोहाच्या बिया,
टोळ फोडून काढलेल्या, ओलसर, तपकिरी.
"पंधरा दिवस, बाई. तेवढाच जीव असते याच्यात.
मंग नुसतं तेल."
मी म्हटलं, मंजुरी दिवाळीनंतर.
तो हसला नाही.
"मंग बीले तसं सांगून पाहा."

कॅन्टीनमधून दुधाच्या रिकाम्या पिशव्या मागितल्या.
कार्यालयामागे, बंद पडलेल्या टँकरच्या सावलीत,
एकशे चाळीस.
कोणत्याच रजिस्टरात नाहीत.
भोजराज चौकीदार सकाळी
कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी घालायचा.
उगवल्या त्रेपन्न.
काही उंदरांनी नेल्या, काहींचं माझंच चुकलं,
खोल पुरल्या होत्या.
कुसुम, चार आणि धावडा सयामनेच पुढच्या खेपेत आणले,
एसटीत सीटखाली, ओल्या गोणपाटात.

चौकोनात शेवटी एकच नाव गेलं.
पण त्रिमूर्तीनगरच्या एका वळणावर,
केबलवाल्यांनी खणून ठेवलेल्या जागी,
ठेकेदाराची रोपं कमी पडली
आणि बारा खड्डे रिकामे राहिले.
बाराच.
उरलेली रोपं कुठे कुठे गेली, ते इथे लिहीत नाही.

सहा वर्षांनी, मार्चमध्ये, टपालात तक्रार :
'आमच्या फाटकासमोरील झाडाची पाने
एकाएकी लालभडक झाली आहेत.
रोग असावा. लहान मुले आहेत.
त्वरित तोडून न्यावे.
— विमल दंडिगे.'

स्कूटर काढली. तोंडाला ओढणी, दुपारचे दोन.
लांबूनच दिसलं :
कुसुम.
नखशिखांत लाल, प्रत्येक पान ओलं असल्यासारखं चकाकतं,
आणि त्यात कसलेसे किडे, त्यांच्यामागे
सूर्यपक्ष्यांची एक भांडकुदळ जोडी.

बाई बाहेर आल्या. सत्तरीच्या, हातात सोललेला लसूण.
"काय झालंय याला?"
"काही नाही. नवी पानं आहेत.
आधी लाल येतात, मग हिरवी होतात."
त्या बराच वेळ वर पाहत राहिल्या.
मग जरा चिडूनच म्हणाल्या,
"मंग मागच्या वर्षी काहून नाही सांगितलं कोणी?
मी खिडकी लावून बसली होती."

तक्रारवहीत रकाना सात : केलेली कार्यवाही.
मी लिहिलं, 'पाहिलं.'

वळणाच्या टोकाला मोहा, अजून नुसत्या काड्या.
फुलायला त्याला आणखी पाच-सहा वर्षं.
मी पुढच्या एप्रिलमध्ये निवृत्त होतेय.
भोजराजला सांगून ठेवलंय,
खाली काही पडलेलं दिसलं
तर झाडून टाकायच्या आधी
एक फोन कर.